दोन बोटांमधली जागा

"दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांमधल्या सर्व पेशींनी ताबडतोब जागा रिकामी करावी," जनुकाचं फर्मान आलं.

आईच्या पोटातला आठवा आठवडा चालू होता. बाळाचं पाऊल अजून उलथन्यासारखं सपाट होतं. बोटं सुटी व्हायची तर त्यांच्या मधल्या आम्ही पेशींनी मरून जायचं, असा तिथला नियम. बाकीच्या फटींमधल्या पेशी मुकाट्यानं गेल्यासुद्धा. मी मात्र हटून बसले.

"परवाच राहायला आलेय मी! बाळाला बोटं मिळतील, मला काय मिळणार?"

"अगं, लोक बदक म्हणतील त्याला!" जनुक खेकसलं.

तेवढ्यात आजोबांकडून आलेलं एक जुनं जनुक जांभई देत उठलं. "बसून राहा गं तू. आमच्या घराण्यात त्या जागेवरून कुणी उठलेलं नाही."

मी बसून राहिले.

बारशाच्या दिवशी आईकडची आजी सकाळपासून मिरवत होती, "नाक बघा, अगदी आमच्याकडचं!" मग आत्यानं दुपटं सोडलं आणि ती किंचाळलीच, "अगं बाई, ह्याची दोन बोटं चिकटलेली!" बाळाच्या आईचा चेहरा उतरला.

सत्यनारायणाच्या पूजेलाही मोजे घालून बसणारे आजोबा कोपऱ्यातून उठले, बाळाशेजारी येऊन टेकले आणि त्यांनी सावकाश डावा मोजा ओढून काढला. आतली दोन बोटं हुबेहूब माझ्या घरासारखी.

"विहीणबाई, नाक तुमचं," ते छाती काढून म्हणाले, "पण पाय आमचा!"