साठ वर्षांपूर्वीची नोंद

वाळलेली रोपं कागदावर चिकटवून जपून ठेवायची, हे माझं काम. अक्षरं मी पन्नाशीनंतर शिकलो, तीही लेकीकडून. एका दुर्मीळ वाळवंटी फुलाच्या शोधात ती गेली आहे आणि चार दिवस तिचा फोन नाही.

त्या फुलाचा आमच्याकडे एकच नमुना आहे, साठ वर्षांपूर्वीचा. सकाळी तो काढला. नोंदीची शाई विटली होती, पण अक्षर माझ्या लेकीचं होतं. 'फुले तीन. पाणी दोन बाटल्या.'

आमच्या संग्रहालयाच्या मोठ्या बाईंना दाखवलं.

"काका, एक बाटली लिहिलंय. आणि अक्षरं काय, सारखी असतात."

मी पाहिलं. खरंच एक होतं.

"मघाशी दोन होतं, बाई."

"उशिरा शिकलात, होतं असं. पोरीच्या काळजीनं डोकं ठिकाणावर नाही तुमचं." त्यांनी नमुना कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दुपारी मी हट्टच धरला. बाईंनी कुलूप काढलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

"फुले तीन. पाणी..."

"वाचा ना पुढे."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. पाण्यापुढे 'नाही' होतं. त्याखाली 'बाबा' एवढंच होतं, आणि पुढचं अक्षर आमच्या डोळ्यांदेखत उमटत होतं.