कातित्सा

पाहुण्या संघाच्या खोलीच्या दारात बेपोकाका येऊन उभे राहिले. काखेत फडक्यात गुंडाळलेली डुकराची अख्खी सुकवलेली मांडी आणि चेहऱ्यावर लग्नघरातलं हसू.

"निक्शा, पोरा! घरची आहे. खास तुझ्यासाठी राखून ठेवली होती."

निक्शा युर्लिनाने मांडी घेतली नाही आणि काकांना बसही म्हटलं नाही. तो आता ज्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता, तो संघ गेल्याच आठवड्यात देशाचा विजेता ठरला होता. आज हरला असता तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं. आमच्या क्लबाला मात्र निदान बरोबरी हवी होती, नाहीतर खालच्या लीगमध्ये रवानगी ठरलेली. क्लबाचे अध्यक्ष होते बेपोकाका. एके काळी निक्शा इथेच खेळायचा, तेव्हा प्रशिक्षकही तेच होते.

"तुला काय फरक पडतो रे? एक गुण सोड आमच्यासाठी. आपलंच गाव आहे."

आपलंच म्हणे! याच माणसाने त्याला मैदानभर नाचवलं होतं. बचावात भोक पडलं, जा निक्शा. डावीकडचा आजारी, जा निक्शा. गोलकीपरला पंचाने बाहेर काढलं, हातमोजे घाल निक्शा. आणि चषकाच्या अंतिम सामन्याला सगळे धडधाकट निघाले, तेव्हा त्याला बाकावर बसवलं. त्याने कारण विचारलं, तर अख्ख्या संघासमोर काका म्हणाले, "कातित्सा काय पाहुण्यांबरोबर जेवायला बसते?"

आमच्याकडे पडेल ते काम करणाऱ्या मोलकरणीला कातित्सा म्हणतात. पुढे सगळी गॅलरी त्याला त्याच नावाने हाका मारायची.

"बरं," निक्शा म्हणाला. "गोलकीपर सोडला, तर आज माझा एकही खेळाडू आपल्या जागेवर खेळणार नाही. झालं समाधान?"

काकांनी त्याचा गालगुच्चा घेतला, मांडी बाकावर ठेवली आणि शीळ घालत निघून गेले.

तो बोलल्याप्रमाणे वागला. बचावपटू आघाडीला आले, आघाडीवीर बचावात गेले. गॅलरीत आनंदीआनंद झाला. "पोरगं गावाला विसरलं नाही हो!" मग आघाडीला आलेल्या त्या बचावपटूनेच पहिला गोल मारला. लोकांना वाटलं, चुकून लागला. दुसऱ्यानंतर तसं कुणी म्हणेना. तिसऱ्यानंतर आमचा ढोलवाला खाली बसला. निक्शा हाताची घडी घालून उभा होता. तो एकदाही ओरडला नाही. त्याची गरजच नव्हती. या संघाकडे आल्या दिवसापासून तो आपल्या पोरांना रोज जागा बदलून खेळवत होता.

सामना संपल्यावर काकांनी त्याला मैदानातून खोल्यांकडे जाणाऱ्या बोगद्यात गाठलं. हातातल्या टोपीचा पार चोळामोळा झाला होता.

"शब्द देऊन गळा कापलास, हरामखोरा!"

"शब्द पाळला, काका. तुमच्याकडे एकच कातित्सा होती. मी दहा घडवल्या."

त्याने मांडी आणून त्यांच्या हातात परत दिली. काकांना ती पेलवेना. ते भिंतीला टेकले, आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला.

"अरे, हा तुझाही क्लब होता ना रे!"

निक्शा दोन पावलं गेला होता. तो वळला.

"माझा? कुठल्या जागेवर, काका?"