कोपरा फाटलेलं कार्ड

“कोपरा फाडा, भाऊसाहेब,” गहिनीनाथ म्हणाला.

रंगनाथ कारकुनाचा हात थांबला. कैद्यांची पत्रं लिहून द्यायची, आलेली वाचून दाखवायची आणि जेलबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कार्डावर ‘तपासले’ असा शिक्का मारायचा, हे त्याचं काम. निम्म्याहून जास्त कैद्यांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे कुणाची म्हैस व्याली आणि कुणाची सासू रुसली, हे सगळं आधी रंगनाथला कळायचं. पण स्वतःच्याच मरणाचं कार्ड लिहून मागणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता.

मयताच्या पत्राचा कोपरा फाडायचा, ही आपल्याकडची रीत. अक्षरशत्रू माणसालाही असं कार्ड हातात पडलं की काय ते कळतं. मग कुणीतरी ते वाचून दाखवतं आणि लगेच फाडून टाकतं. असलं पत्र कुणी घरात ठेवत नाही.

“जित्या माणसाचं मयत लिहू? नोकरी जाईल माझी.”

“आन् तिचा जलम जाईल, त्येचं काय?”

ती म्हणजे लंकाबाई, गहिनीनाथची बायको. लग्नाची हळद फिटली नाही तोच दुष्काळ आला. विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून भांडण पेटलं आणि गहिनीनाथच्या हातातली पहार एकाच्या डोक्यात बसली. जन्मठेप झाली. आता त्याला येरवड्याला हलवणार होते. त्याने तिला काडीमोड दिली, दुसरा पाट लाव म्हणून निरोपावर निरोप धाडले. तिचा भाऊ शेवगावहून भेटीला आला, तेव्हा जाळीला डोकं टेकून रडला. पारनेरकडे चांगलं ठिकाण होतं, माणूस निर्व्यसनी होता. पण लंकाबाई सासरचं घर सोडायला तयार नव्हती. तिचा एकच हेका, “मानूस जिता असताना मी दुसऱ्याच्या नावाचं कुकू लावायची न्हाई.”

आता माणूस जिता आहे हीच अडचण असेल, तर ती दूर करणं कारकुनाच्या हातात होतं. लिहिलं की मेला.

रंगनाथ पापभीरू. शिक्का वाकडा उमटला तरी दिवसभर चुटपुटणारा. पण गहिनीनाथचा चेहरा पाहून त्याचं काळीज हललं. ‘गहिनीनाथ तापाने वारला, लंकाबाईने आपलं पुढचं बघावं,’ एवढंच त्याने लिहिलं आणि शिक्का मारला. कोपरा मात्र त्याच्याने फाडवेना. तो गहिनीनाथनेच फाडला.

खरं तर कैदी मेला की पोलिसांमार्फत वर्दी जाते आणि प्रेत घरच्यांच्या हवाली करतात. पण हंबरडा फोडणाऱ्या घराला एवढा कायदा कुठून सुचणार, असा दोघांचा अंदाज.

सुचला नाही खरा. पण येरवड्याचा हुकूम यायच्या आत लंकाबाई स्वतःच जेलच्या दारात येऊन उभी राहिली. कपाळ पांढरं, मनगटं भुंडी. दुष्काळी कामावर खडी फोडून बोटं सोलवटली होती. शिपाई काही बोलून जायच्या आत रंगनाथ धावत पुढे झाला.

“माती तुमीच केली आसंल,” ती म्हणाली. “राख तरी द्या. प्रवरासंगमाला सोडते.”

“बाई, झालं ते झालं. आता भाऊ सांगतो तसं कर. सगळं आयुष्य पडलंय पुढं.”

“करीन. पन राख सोडल्याबिगर माजं मन सुटायचं न्हाई.”

रंगनाथ आत गेला. गहिनीनाथ जेलच्या चुलीपुढे रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी भाजत होता. सगळं ऐकून त्याने तव्यावरची भाकरी उलटली.

“लई वाळली का?” त्याने विचारलं. रंगनाथ तोंड उघडणार तोच म्हणाला, “नगं. सांगू नगा.”

मग त्याने पंच्याचा तुकडा टरकावला. चुलीच्या कडेची राख ओंजळीने उपसून त्यात भरली आणि गाठ मारली. स्वतःची राख स्वतः बांधून देणारा माणूस बघून रंगनाथचे डोळे भरून आले. असं दुःख देवाने वैऱ्यालाही दाखवू नये.

“जावा बिगीनं,” गहिनीनाथ म्हणाला. “सुटंल बिचारी.”

लंकाबाईने पदर पसरून पुरचुंडी घेतली. कपाळाला लावली. छातीशी घट्ट धरली आणि दोन पावलं चालून थबकली. कार्ड गावाला पोचून पंधरवडा उलटला होता. तिने पुरचुंडी हळूच गालाला लावून पाहिली.

“भाऊसाहेब, ही ऊन हाय.”

रंगनाथने मान खाली घातली. खोटं लिहिता आलं होतं, बोलता येईना.

ती जेलच्या भिंतीआडून वर जाणाऱ्या चुलीच्या धुराकडे बघत राहिली. रडली नाही, कुणाला शिव्याशापही दिले नाहीत. मग तिने पुरचुंडी परत त्याच्या हातात ठेवली.

“त्यान्ला म्हनावं, चुलीपाशी हात जपा. मी घरीच हाय.”