जावयाचा ज

चिमणीने नव्या धड्याचं नाव मोठ्याने वाचलं, "जग." आजोबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. थाप म्हणजे चूक. अर्धांगाचा झटका आल्यापासून घरात त्यांचं एवढंच बोलणं उरलं होतं.

आजोबांची सारी हयात रेडिओवर बातम्या वाचण्यात गेली. एखादा शब्द दुसऱ्यांदा म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही आणि दुसऱ्याचा चुकलेला शब्द त्यांनी कधी सोडला नाही. दूधवाल्याचा श त्यांनी त्याला दारात उभं करून सुधारला होता. जावयाला तर पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "जयमधला ज वेगळा, जावयातला ज वेगळा. गल्लत चालणार नाही." जावई बिचारा चहा गार होईपर्यंत 'जावई, जावई' घोकत बसला. चिमणी त्याचीच लेक.

आता त्याच तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. वाचा शिकवायला येणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या, "बोलणं परत येईल, पण आत्ता प्रयत्न केला तर. हे महिने गेले की गेले." आजोबांनी एकदाच प्रयत्न केला. काहीतरी बोबडं, लाळेसकट बाहेर पडलं. ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि ओठ मिटले ते मिटलेच. मोडकं बोलण्यापेक्षा मुकं बरं! आजीने समजावलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ताईंनी सुचवलं, "नातीला रोज त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचू दे. चुकली तरी वाचू दे."

चुकायला चिमणी तयारच होती. तिचे सगळे ज एकाच छापाचे, जयमधले. थापा खाऊन खाऊन खुर्चीचा हात खिळखिळा झाला होता. आज मात्र तिने कमाल केली. धड्याच्या नावालाच जावयाचा ज लावला. जगाला! अख्ख्या पृथ्वीला!

"जग," तिने पुन्हा तस्संच वाचलं. थाप. "जग!" आणखी जोरात. पुन्हा थाप. हट्टीपणात नात आजोबांच्या वरताण होती.

आजोबांचा चेहरा लाल झाला. हा अन्याय त्यांच्याने सोसवेना. मिटलेले ओठ उघडले.

"ज... जय... जयचा ज!"

शब्द वाकडे होते, बोबडे होते, पण शब्द होते. स्वयंपाकघरात आजीच्या हातातला चमचा खाली पडला.

चिमणी जागची हलली नाही. तिने पुस्तक आजोबांच्या नाकासमोर धरलं. चित्रात पृथ्वीचा गोल नव्हता. कुंडीत एक सुकलेलं रोप होतं आणि पाण्याचा पेला घेऊन एक मुलगी त्याच्याशेजारी उकिडवी बसली होती.

"ती रोपाला सांगतेय, आजोबा. जग म्हणून. मग जावयाचाच ना?"

आजोबांनी चित्र नीट पाहिलं. मग डाव्या हाताचं बोट त्यांनी स्वतःच्या छातीला लावलं.

"चूक," ते म्हणाले. "मा... माझी."

दारात येऊन उभी राहिलेली आजी डोळे पुसता पुसता हसायला लागली. "अहो, तोंड धड होतं तेव्हासुद्धा हे दोन शब्द कधी ऐकले नव्हते मी!"

आजोबांनाही हसू आलं, एकाच बाजूने.

"आता बरोबर म्हणा," चिमणी म्हणाली.

त्यांनी जीभ कशीबशी वळवली. "ज्... अग."

चिमणीने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "चूक. पुन्हा म्हणा."

आणि आयुष्यात एकही शब्द दुसऱ्यांदा म्हणावा न लागलेले आजोबा पुन्हा म्हणाले, "जग."