निळ्या टोपीच्या पुढे

दुसऱ्या चढाच्या वळणावर त्याने मागे पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. खाली धुक्यात एक निळी टोपी हलत होती. म्हणजे मागे कुणीतरी होतं.

बाकी सगळे केव्हाच पुढे गेले होते. सकाळी निघताना दोनशे माणसं होती. पहिल्याच चढावर ती एकेक करून त्याला ओलांडून गेली. जाताना बहुतेकांनी "चला काका" म्हटलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला डोंगरातल्या शर्यतीत एवढं ऐकून घ्यावंच लागतं.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेम बसवायच्या, काचा घासायच्या, आणि संध्याकाळी शटर ओढलं की तासभर धावायचं. त्या एका तासात त्याला कुणी हाक मारत नसे.

मागच्या वर्षी याच शर्यतीत, दुसऱ्या पाण्याच्या टेबलापाशी त्याच्या पोटरीत गोळा आला आणि आयोजकांच्या जीपमधून खाली यावं लागलं. मग वर्षभर मेहुण्याच्या थट्टेला ऊत आला होता. "भाऊजी, जीपमधून डोंगर कसा दिसतो हो?"

बायको मात्र हसली नव्हती. त्याच्या गुडघ्याला मलम चोळताना तिने एवढंच म्हटलं, "यंदा जा. पण जीपमधून आलात किंवा शेवटचे आलात, तर बूट कायमचे माळ्यावर. कबूल?"

"कबूल," तो फुशारकीने म्हणाला होता. आता त्या फुशारकीची सगळी भिस्त एका निळ्या टोपीवर होती.

वर धुकं दाट झालं. झाडांना बांधलेल्या लाल फिती वाट दाखवत होत्या. एक गाठावी तोवर पुढची दिसायची. आपलाच श्वास त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटू लागला. दुकान, वय, गुडघा, सगळं खाली राहिलं होतं. मागे वळून पाहिलं तर निळ्या टोपीच्या पलीकडे वाटच नसायची, नुसती ओली झाडं आणि त्यांवर एकही लाल ठिपका नाही. तो पुढे सरकेल तसा डोंगर मागे मिटत चालला होता. त्याला हे फार आवडलं.

टोपीवाली मात्र दर थोड्या अंतरावर झाडाला धरून थांबायची. बिचारीला दम लागत असणार, त्याला वाटलं. पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन डोंगर चढायचं तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

तिसऱ्या टेबलापाशी पाणी पिऊन तो निघाला, तोच पोरांनी टेबल आवरायला घेतलं. त्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, मागे अजून एक बाई आहेत!"

"माहीत आहे, काका," त्यातला एकजण हसत म्हणाला. "तुम्ही पळा."

काय ही माणसं, असं पुटपुटत तो माथ्यावर जाऊन एका दगडावर बसला. टोपीवाली आली, तेव्हा आपली अर्धी बाटली त्याने तिच्यापुढे धरली. ती तिशीची असेल. पाणी प्यायली आणि शेजारी टेकली. दोघांभोवती पांढरं धुकं होतं, खालचं जग जणू कुणी पुसून टाकलं होतं.

"पहिलीच वेळ का, ताई?"

"नाही, तिसरी. मागच्या वर्षी तुम्हाला जीपमध्ये चढवलं ना? मी होते तिथे."

म्हणजे तेव्हाही ही मागेच होती. तो जरा घुटमळला. "मग... कितव्या आलात मागच्या वर्षी?"

"शेवटची."

"आणि त्याआधी?"

"त्याआधीही."

"वाईट नाही वाटत?"

"वाईट कसलं? कुणीतरी शेवटी असायला हवंच ना." ती हसली. "बसा निवांत, काका. मला घाई नाही."

उतरताना ते शब्द त्याच्या डोक्यातून जाईनात. दोन्ही वर्षं शेवटची आली आणि तरी हसते. आपण मात्र सकाळपासून हिच्या दमण्यावर टपून बसलोय. एवढ्या सुंदर डोंगरात आपण सारखं मागे बघत आलो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

धुकं विरलं आणि खालचं मैदान दिसलं. कमानीपाशी मेहुणा मोबाईल सरसावून उभा होता. बायको पायांच्या बोटांवर उंच होऊन बघत होती. कमान पन्नास पावलांवर राहिली होती. हातातोंडाशी घास आला होता.

तो थांबला. माळ्यावर धूळ खात पडलेले बूट त्याच्या डोळ्यांसमोर आले. उद्या संध्याकाळी शटर ओढल्यावर सरळ घरी जायचं, परवाही, आणि त्यानंतर रोजच. त्याला भर मैदानात रडू आलं. तरी तो वाटेतून बाजूला झाला.

"ताई, तुम्ही व्हा पुढे."

तीही थांबली. "नको हो, काका."

"जा म्हणतो ना! एकदा तरी कुणाच्या पुढे जाऊन बघा. माझं काय, मी येतो सावकाश."

तिने टोपी काढली. त्याच्या भरल्या डोळ्यांकडे तिने पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली,

"काका, मी शर्यतीत नाहीये. वाटेवरच्या फिती सोडवत यायचं, हे माझं काम. शेवटचा माणूस आत गेल्याशिवाय मला आत जाता येत नाही."