सकाळी दहाचा फोटो

झरीजवळच्या एका गावात पाण्याची टाकी बांधत होते आणि त्या कामावर कंत्राटी इंजिनिअर म्हणून मला नेमलं होतं. रोज सकाळी दहाला कामाचा फोटो, ठिकाणाच्या आणि वेळेच्या शिक्क्यासह, ऑफिसला पाठवायचा असायचा. दहाला मी परभणीत अंथरुणात असायचो. म्हणून काम सुरू होण्याआधीच एकदा जाऊन तिथं शेळ्या चारणाऱ्या भिवराबाईच्या मोबाईलवर असा शिक्का मारणारं अ‍ॅप टाकून दिलं. ती फोटो काढून मला पाठवायची, मी डोळे चोळत पुढं ढकलायचो.

बाई फोटोवर थांबली नाही. सिमेंटवर पाणी मारलेलं दिसलं नाही, की गवंड्यांना झापायची. काम इतकं झकास झालं की साहेब मला म्हणाले, "तुझं कंत्राट वाढवावं म्हणतोय. उद्या साइटवरच भेटू."

त्यानंतर सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी साइटवर गेलो. डोक्यावर कोरं हेल्मेट, मागं साहेब. मुख्य मिस्त्री बजरंगनं हात आडवा घातला.

"ओ पाव्हणं, कुठं घुसायलाव? बाईला इचारल्याबिगर आत सोडत न्हाई."

"अहो, इथला इंजिनिअर मीच आहे."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. बजरंगनं मान वर करून हाक मारली, "भिवराबाई, ह्यो तुमच्या वळखीचा हाय का?"

टाकीवरून आवाज आला.

 

"हाय की! म्या काढलेले फोटू साहेबाला धाडायला ठिवलाय त्याला."