बिनमिठाचा महिना

बिरप्पानं पहिला घास तोंडात घातला आणि ताटातच थुंकला.

“ह्याला काय भाकरी म्हनायची? मीठ न्हाय, तिखट न्हाय. शेरडांपुढं टाक जा!”

त्याची बायको मायाक्का समोर बसून तेच खात होती. जोंधळ्याची भाकरी आणि उकडलेले मूग, बाकी काही नाही.

“मी बी खातीया की,” ती म्हणाली. “आज पैला दिस. आता एकोनतीसच ऱ्हायलं.”

हे पथ्य सांगितलं होतं सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या शिवलिंगप्पा वैद्यांनी. वर्षभर बिरप्पाच्या अंगावर गांधी उठत होत्या. गळा, पाठ, मांड्या, सगळं लालेलाल. खाजवून खाजवून रक्त काढायचा. वैद्य म्हणाले, “खाण्यातलंच काहीतरी बाधतंय. वीस दिवस सगळं बंद. मग रोज एकेक जिन्नस वाढवायचा. ज्या दिवशी गांधी उठेल, त्या दिवशी चोर सापडला.”

पण लोक थोडेच थांबतात! गावात, कुंभारीत, कुणीतरी महारोग म्हणालं, झालं. विहिरीवर बाया मायाक्काच्या घागरीपासून आपल्या घागरी लांब ठेवायला लागल्या. पावसाळ्याआधी केम गावाहून येडू पाव्हणा आला होता, सासूच्या माहेराकडचा. त्यानं बिरप्पाचा गळा बघितला आणि भरल्या ताटावरून उठून गेला.

सासूनं, केराबाईनं, सगळं खापर सुनेवर फोडलं. “हिच्या हातालाच इख हाय! सा वरसं झाली, कूस उजवली न्हाय, आन आता माझ्या पोराचं कातडं सोलाया निघाली. महिन्यानं गुन न्हाय आला तर गाठोडं बांधायचं आन म्हायेरची वाट धरायची.” हे सगळं शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात.

माहेरी होतं कोण? एक भाऊ, आणि त्याची बायको हिला दारात उभी करत नव्हती. म्हणून तर मायाक्का हट्टाला पेटली. एकच तवा, एकच भाकरी, दोघांच्या पोटात. बघू दे सगळ्यांना, कुणाच्या हाताला विष आहे ते.

आठव्या दिवशी तिला विहिरीवर भोवळ आली. दहाव्या दिवशी बिरप्पाच्या धोतराच्या सोग्यात भज्यांचा पुडा सापडला. तिनं तो तसाच चुलीत घातला. दुसऱ्या दिवसापासून ती भाकरी घेऊन रोज चालत, बिरप्पा कामाला होता त्या कापडगिरणीच्या दारापर्यंत जाऊ लागली. जेवणाचा भोंगा झाला की नवऱ्याला समोर बसवायची, आधी स्वतः घास घ्यायची, मग त्याला घ्यायला लावायची.

“काय बिरप्पा,” त्याच्या खात्यावरचा मुकादम, जॉबर, हसायचा, “आईनं शाळंत आनून सोडलंय व्हय?”

बिरप्पा मान खाली घालून गिळायचा. मायाक्काला लाजबीज काही वाटत नव्हती. तिला तिचं घर राखायचं होतं.

पंधराव्या दिवशी गांधी मावळल्या. आणि काय सांगावं, केराबाईची जीभच बदलली! “दमलीस गं,” म्हणायची. पाण्याची घागर स्वतः आणायची. एक दिवस तिनं सुनेच्या पाठीवरून हातही फिरवला. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी मीठ आलं. पहिल्या घासाला मायाक्का हसली आणि रडलीही. मग मिरची, लसूण, तुरीची डाळ, करडईचं तेल. बिरप्पाचं अंग स्वच्छ. सव्विसाव्या दिवशी शेंगाची चटणी ताटात पडली आणि घटकाभरात गळ्यापासून मांड्यांपर्यंत गांधीच गांधी.

चोर सापडला! चटणी केराबाईच्या हातची. वर्षभर तीच कुटून लेकाला वाढत होती, सुनेला उखळाला हात लावू देत नव्हती. मायाक्काला बोलायला केवढं होतं. पण त्याआधीच केराबाईनं चटणीचं मडकं उकिरड्यावर नेऊन फोडलं आणि सुनेचा हात धरला.

“तुज्या हाताला उगंच बोलले गं मी.”

मायाक्का हुंदके देऊन रडली. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

“तू नसतीस तर जमलं नसतं,” बिरप्पा म्हणाला. तो तिच्याकडं बघत नव्हता, वहाणेला खिळा ठोकत होता.

तिसाव्या दिवशी केमचा येडू पाव्हणा आला. केराबाईनंच सांगावा धाडला होता. “ज्यानं डाग बघितला त्यालाच अंग दावायचं. त्यो पंगतीला बसला की गाव गप.” मायाक्काला ते पटलं. तिनं पहाटे उठून पुरण शिजवलं.

अंगणात उन्हात बिरप्पानं बंडी काढली. येडूनं गळा बघितला, पाठ बघितली, धोतर वर घ्यायला लावून मांड्या बघितल्या. बाजारात बैल बघतात तसं.

“पुन्ना उठायचं न्हाय न्हवं?”

“शेंगा न्हाय खाल्ल्या तर जलमभर न्हाय,” केराबाई म्हणाली. “वैद्यानंच सांगितलंय.”

“शेंगा. बरं. घरी सांगून ठिवतो,” येडू म्हणाला.

मायाक्काला दाराआड हसू आलं. ह्याच्या घरी सांगून काय करायचंय!

येडू बिरप्पाच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसला. मायाक्काचे डोळे भरून आले. महिनाभराची भूक, ती रोजची पायपीट, सगळं फिटलं. तिनं पोळ्या वाढल्या आणि तुपाची वाटी आणली.

“हात राखू नगं, चांगलं सढळ वाढ त्येला,” केराबाई म्हणाली. “तुज्या सवतीचा बाप हाय त्यो.”